सलीमचं उभं राहणं

माझ्या शूटिंगचं कौतुक आता पुरं करा गड्यांनो, आज खरं काय ते सांगतो. रहिमतपूरच्या बास्केटबॉलच्या टीममदी माझ्यासंगं सलीम होता. त्याचं काम एकच, स्क्रीन लावायची. बॉल दुसऱ्याकडं असताना त्यानं माझ्या वाटंला पाय रोवून, हात छातीशी धरून उभं राहायचं. मी त्याच्या खांद्याला घासून पळायचो आन् माझ्या मागं लागलेला समोरच्या टीमचा गडी त्याच्यावर जाऊन आदळायचा. तवर मी मोकळा. बॉल आला की बास्केट. टाळ्या मला, मुका मार त्याला.

साताऱ्याला मिल्ट्रीच्या टीमचे साहेब पोरं निवडायला आले. मॅच झाल्यावर मला म्हणले, "तुला घेतलं. पण तो सात नंबरवाला काय करतो रे? नुसता उभा असतो."

सलीम शेजारीच बुटाची नाडी सोडत होता. त्याचा हात थांबला. मी काय बोलतोय म्हणून माझ्याकडं बघत राहिला.

मी म्हणलो, "व्हय साहेब."

मिल्ट्रीच्या टीममदी समदेच शूटर. वर्षभरात मला एक मोकळा शॉट घावला न्हाई. सुट्टीला आलो, तर सलीम बापाच्या दुकानात गादी शिवत बसलेला.

"तिथं स्क्रीन कोण लावतं रं तुला?"

"कोण न्हाई."

दुकानात स्टूल एकच. ते त्यानं माझ्याकडं सरकवलं आन् सोता उभा राहिला.