तीन दिवस गैरहजर

एम.ए.च्या प्रवेशाच्या रांगेत शिवणकाम करणाऱ्या एक बाई दुसऱ्या होत्या. त्यांच्यापुढच्या पांढऱ्या केसांच्या गृहस्थांना खिडकीतला कारकून समजावत होता.

“काका, या वयात कशाला दगदग? घरबसल्या करा की.”

“घरी बसूनच तर इथवर आलोय.”

“इथं हजेरी सक्तीची आहे. रोज यावं लागेल.”

“आणि नाही आलो तर?”

“तीन दिवस गैरहजर राहिलात की घरी फोन जातो.”

“कोण करतं?”

“मीच.”

“मी उचलला नाही तर?”

“घरातलं दुसरं कुणी उचलेल.”

काकांनी अर्ज आत सरकवला. कारकुनानं अर्ज खालपर्यंत वाचला. घरच्यांच्या रकान्यातली आडवी रेघ मागून बाईंनाही दिसली.

“मग मी येईन बघायला,” कारकून म्हणाला.

“तीन दिवस फार होतात हो,” काका म्हणाले. “ दोन करा.”