एका तोंडापुरती भाकर

मी मूळची बीबीची. बाप शेतकरी, आम्ही बहिनीच बहिनी, म्हनून मले लवकर उजवलं अन् लवकरच माहं कुंकू पुसलं. भाऊ म्हने राह्य घरी, पन भावजयीचं तोंड रोज सकाळी पाहा लागते ना, काय सांगू तुम्हाले. मंग भावानंच चिखलीले पोरींच्या आश्रमात सैपाकाले लावून देलं. महाराष्ट्र तवा नवा नवा झाला होता. कोनी पोरगी देवळाच्या पायरीवर सापडलेली, कोनाचे मायबाप पटकीत गेलेले. साऱ्या मले मावशी म्हनत.

अठरा भरले का पोरीनं आश्रम सोडायचा, असा नियम. लग्न जमलं त ठीक, नाही त नोकरी. अन् एकदा गेली का परत फाटकाच्या आत यायचं नाही, मागच्या पोरी बिघडतात म्हने. आता तुम्हीच सांगा, आपली पोर सासरी गेली त पंचमीले येते, दिवाळीले येते. या पोरीईले कोन बलावते?

सुमन म्हनून एक होती. सातवी पास झाली, लग्न नको म्हने, अन् दुसरबीडले बालवाडीची बाई म्हनून लागली. मीच तिले एसटीनं घेऊन गेली. पार्वताबाई म्हनून एक शेतकरीन, तिनं घराच्या बाजूची खोली देली. मी चूल मांडून देली, आतून कडी कशी लावायची ते दाखवलं, कारन आश्रमात दार लावायचं काम चौकीदाराचं, पोरीले कडी माहीतच नाही. अन् मी परत आली.

आता पोरीनं काय केलं पाहा. माह्या हाताखाली ती मोठ्या पंगतीचा सैपाक शिकलेली. एकटीसाठी सैपाक तिनं जन्मात केला नव्हता. पयल्याच दिशी हंडाभर वरन शिजवलं, भाकरीची चळत केली. मंग पाहते त खानार कोन? अन्न फेकाव कसं, आश्रमात फेकलं का मार बसे. म्हनून ताटं भरली अन् गल्लीत घरोघरी नेऊन देली. पार्वताबाईनं इचारलं, काऊन वं पोरी, तुही जात कोनती? पोरगी म्हने, थे आमच्या तिथं कोनी सांगत नाही. झालं. भाकरी बैलाईपुढं गेल्या अन् पार्वताबाई म्हने, बाजाराच्या दिशी खोली खाली कर.

सुमन मले सांगाले चिखलीले आली त तिले फाटकाच्या आत घेतलं नाही, नियम. मी तशीच पदर खोचून तिच्यासंग निंगाली.

पार्वताबाईनं मले बसाले देलं, पान्याचा तांब्या देला. मी म्हनलं, तुम्ही मले पानी देलं, पन मी त इतकी वर्सं हिच्या हातच्या भाकरी खाल्ल्या, मंग मी कोन झाली? ती म्हने, तुम्ही कुनब्याच्या, तुमचं गाव मले ठावं हाये. म्हनलं, मंग मी बाटली ना. तिची म्हातारी सासू ओसरीतून म्हने, बाटली असंल त तांब्या घासून घे वं, उगा काऊन भांडता. मले हसू आलं, पन हसाव कसं.

पार्वताबाई मंग म्हने, खोली राहू द्या, पोरगी गरीब हाये, लेकरं तिच्याकडं खुशीनं जातात. पन हिरीचा दोर शिवायचा नाही, पानी मी वरून वाढीन, अन् शिजलेलं कोनाच्या दारात न्यायचं नाही. मले वाटलं, पोरीचा हात धराव अन् चालतं व्हाव. पन न्याव कुठं? आश्रमात नियम, अन् भावाच्या घरी मीच पावनी. सुमन म्हने, मावशी, हो म्हन. मी हो म्हनली.

त्या दिशी मी तिले एका तोंडाचा सैपाक शिकवला. एवढंसं पीठ, एवढंसं पानी. तव्यावर एकटी भाकर पाहून पोरगी म्हने, एवढीच? म्हनलं, हाव, एवढीच. आश्रमात कधी न रडलेली पोरगी तवा रडली.

मंग मी आश्रमाच्या सैपाकघरामागं एक लहान चूल मांडली. जी पोरगी जानार, तिनं आधीपासून त्या चुलीवर आपलं आपलं शिजवायचं. आश्रम चालवनाऱ्या मोठ्या बाई हासत, मावशी, भातुकली मांडली का? म्हनलं, हाव.

त्याले लई वर्सं झाली. आता माहे गुडघे धरतात, एसटीची पायरी चढवत नाही. पार्वताबाईच्या नातवाईले सुमननंच अक्षरं गिरवाले शिकवलं, तरी हिरीचा दोर अजून शिवू देत नाही. ती फाटकापाशी भेटाले येते तवा मी म्हनते, पोरी, दुसरी खोली पाह्य, काऊन सोसतं? ती म्हनते, मावशी, माह्यामागून आश्रमातल्या पोरी आल्या, त्याईले गावात कोनी उभं केलं नाही, पार्वताबाईनंच शेजारची खोली देली. मी रागानं निंगाली अन् तिनं दारच लावलं, त पुढची कुठं जाईन?

येत्या महिन्यात कमल म्हनून एक पोरगी तिकडंच राहाले जानार हाये. सुखी राहो बापडी. पार्वताबाईचंबी बरं होवो, तिनं खोली त देली. दोराचं पुढच्या पोरी पाहून घेतीन, माह्यानं आता भांडनं होत नाही.