विमानाच्या चाकांची बैलगाडी

(माजिवडा. घरामागच्या शेडमध्ये काळुराम आणि मुलगी समृद्धी. समोर मिठागरातली जुनी बैलगाडी.)

समृद्धी : थांबा बाबा, हे टायर विमानाचे आहेत?

काळुराम : मग कशाचे? तुझा आजा भंगारातून घेऊन आलेला.

समृद्धी : मी दोन वर्षं विमानांचे टायर बदलतेय. तुम्ही एकदा पण बोलला नाहीत.

काळुराम : तू कवा इचारलं? आय गेली तुझी, तवापासून गाडी झाकलेलीच. आज टेम्पो येनार म्हनून उघडली.

समृद्धी : म्हणजे दादाने ती हॉटेलवाल्याला शोभेसाठी द्यायचं नक्की केलं?

काळुराम : उद्या बिल्डर शेड पाडनार. फ्लॅटात कुठं ठेवू? लाकडी चाक मिठागरात रुतायचं गं, म्हनून आजानं ही विमानाची चाकं आनली. आख्खं गाव हसलं. एवढं मोठं विमान, त्याला एवढंसं चाक? आजा मग भेटंल त्याला तेच इचारायचा. मास्तरला, डॉक्टरला. मरेपर्यंत कोनी सांगितलं नाय.

समृद्धी : अहो, ट्रकला चाकंच पळवतात. दिवसभर, खड्ड्यांतून. मोठी लागणारच. विमानाला इंजिन ढकलतं. चाकं फक्त धावपट्टीपुरती. वर गेलं की ती पोटात घ्यायची. मोठी असली तर मावणार कुठे? वजन वाढेल ते वेगळंच.

काळुराम : मग एवढा भार पेलतं कसं?

समृद्धी : लहान लहान पुष्कळ चाकं लावतात. आत हवा गच्च, ट्रकच्या दुप्पट दाबाने.

काळुराम : पोटात घेतं... घार पाय घेते तसं.

समृद्धी : हो, तसंच.

काळुराम : आजाला पटलं असतं.

समृद्धी : आई बसलेली कधी ह्या गाडीत?

काळुराम : लगीन करून ह्यातूनच आनली तिला. मीठ झटकलं, वर गोधडी टाकली. तरी उतरली तर शालूला मीठच मीठ. माझ्याशी पयलं बोलली ते त्याच्यावरनंच.

समृद्धी : काय बोलली?

काळुराम : राहू दे. शिव्याच व्हत्या.

समृद्धी : बाबा, द्यायची नसेल तर मी दादाशी बोलते.

काळुराम : नको बाय. हितं धूल खाते. तिथं पोरं तरी चढतील.

समृद्धी : टेम्पो आला वाटतं. तुम्ही आत जा, मी बघते.

काळुराम : त्याला सांग, हलू ने. बैलाच्या चालीची सवय हाय तिला.