बाबांसारखा तीळ

त्वचेच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. लेकीच्या मांडीवर तिची चिमुरडी झोपली होती.

“आई, तीळ कुणाला नसतात? काही जन्मापासूनच असतात, काही उन्हाने येतात.”

“तुझ्या बाबांचा उन्हाचा नव्हता. जनुकातच दोष होता. त्या तिळाच्याच कॅन्सरने ते गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, मुलीवर लक्ष ठेवा.”

“आणि हे मला आज सांगतेस?”

“लग्न होईपर्यंत तुझी पाठ बघत होते गं मी. कोरी होती.”

“बरं, आता उगवलाय, दाखवू. पण हिला कशाला झोपेतून उचलून आणायला लावलंस?”

“सकाळी हिला आंघोळ मी घातली ना.”

“मग?”

“तुला बोलावताहेत. हिलाही आत घे.”