मानेचे मार्क

लस द्यायला आणलेली तीन महिन्यांची लेक मांडीवर घेऊन ती रुग्णालयात नंबराची वाट बघत बसली होती. शेजारी एक म्हातारं जोडपं येऊन टेकलं. आजोबांच्या खिशावर 'शिकाऊ स्वयंसेवक' असा बिल्ला होता.

"नखं दाखवा बघू," आजी म्हणाल्या.

"दोनदा कापलीत. अंगठीही घरी ठेवली."

"दिवस भरायच्या आत जन्मलेली पोरं तासभर छातीशी धरून बसायचं, त्याला परीक्षा कसली? पगार तरी देतात का?"

"पगार नाही म्हणून काम ढिसाळ करायचं? आज सिस्टर बघणार. नाही जमलं तर बिल्ला परत."

"म्हणून महिनाभर साखरेची पिशवी घेऊन बसलात."

"दीड किलोची. मोजून भरलेली."

"आणि तिची मान सावरत होतात!"

"मानेलाच तर मार्क आहेत."

"शेजारीण विचारत होती, हे काय चाललंय म्हणून."

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, हळू बोला, आत्ताच झोपलीय."

आजोबा हसले नाहीत.

"अहो, आपली दोन पोरं कधी घेतली नाहीत ती अशी?"

"भीती वाटायची. हातातून पडली असती तर?"

"मी कुठे सराव करून आले होते?"

"तेच म्हणतो. तुला पाहून वाटायचं, तुला येतंच."

दार उघडून सिस्टरने हाक मारली, "आजोबा, हात कोपरापर्यंत धुवून या."

ते उठले.

"थांबा," आजी म्हणाल्या. "खांदे सैल सोडा आधी. आखडलात की बाळाला लगेच कळतं."

आजोबांनी खांदे सोडले. शेजारी लेकीला मांडीवर घेऊन बसलेल्या तिनेही सोडले.