नांदव्याचं पडीक मैदान

मंडळी, एका माणसाला एक पत्र आलं आणि दहा महिने त्याचं उत्तर गेलं नाही.

मोठं नव्हतं हो पत्र. वहीतून फाडलेलं पान, नातीकडून लिहवून घेतलेल्या सात ओळी. आलं कुणाला? त्र्यंबकराव गुळवणींना. इचलकरंजीतल्या एका वाचनालयात चौतीस वर्षं ग्रंथपाल. ज्यांच्या हातून एक पुस्तक कधी चुकीच्या कपाटात गेलं नाही, असा माणूस. त्यांनी हे पत्र कुठे ठेवलं असेल? एक जाडी फाईल होती, तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं - 'किरकोळ'. तिच्यात.

आता मी तुम्हाला विचारतो. आपल्याला परवडेल असं घर शोधणं हा काही गुन्हा नाही. पण ते घर आपल्याला का परवडतंय, हे न विचारणं गुन्हा आहे की नाही? घाई नको. आधी गोष्ट ऐका.

त्र्यंबकरावांच्या पत्नी कुमुदताई. गाव यंत्रमागांचं. खिडकी उघडली की कापसाचे तंतू घरात. कुमुदताईंना दम्याचा त्रास. डॉक्टर म्हणाले, "समुद्राकाठी नेता आलं तर बघा." झालं. या भिडस्त माणसाने वही घातली. उभे रकाने पाडले - भाडं, दवाखाना, भाजीबाजार, वाचनालय, समुद्र किती पावलांवर. अलिबाग लिहिलं, खोडलं. तिथले दर ऐकूनच दम लागत होता. रत्नागिरीत परवडणारं घर मिळे, पण तिथून समुद्र बघायचा तर रिक्षा करावी लागे. मालवण आवडलं, पण भाडं सुट्टीच्या हंगामात दुप्पट. हसू नका. पेटीवाले जोगळेकर, तुम्ही तर मुळीच हसू नका; मागच्या महिन्यात तुम्ही माझ्याकडे हीच चौकशी केली होती.

शेवटी वहीत एक नाव राहिलं - नांदवे बंदर. छोटं शहर, नगरपालिका आहे, सरकारी दवाखाना आहे, वाचनालयसुद्धा आहे. आणि किनाऱ्याला लागून नवी इमारत होणार, खिडकीतून समुद्र, आणि दर असा की त्र्यंबकरावांनी तो दोनदा वाचला.

ते बघायला गेले. कधी गेले? हे लक्षात ठेवा, सगळी गोष्ट इथे अडकली आहे. आषाढात गेले. घाटावरच्या माणसाला वाटतं, समुद्र काय बाराही महिने सारखाच. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, झावळ्यांखाली झाकलेल्या. कोळीवाड्यापुढे मोठं मोकळं मैदान, त्यावर गुडघाभर हिरवं गवत. ना माणूस, ना वास. त्र्यंबकरावांनी वहीत लिहिलं, 'परिसर अत्यंत शांत.'

राहायला खोली मिळाली धर्मीबाई चोगल्यांच्या घरी. विधवा बाई, मासळी सुकवून विकणारी. गुळवणी मासळी खात नाहीत हे कळल्यावर तिने काय केलं? बाजारातून नवं पातेलं आणलं. म्हणाली, "मास्तर, ह्याच्यात कधी मासळी शिजली नाय. डाळभात बिनघोर खावा." ते मास्तर नव्हते, पण चष्मा बघून तिने ठरवलं होतं. आठ दिवस ते तिच्या ओटीवर बसून पुस्तकं वाचत होते. समोर ते मैदान. आठ दिवसांत एकदाही विचारलं नाही, की बाई, या मैदानात काय असतं?

इमारतवाल्यांचा मुनीम होता, परशुराम ढवण. गोड माणूस. गोड माणसांपासून जपून राहा बरं का. तो म्हणाला, "काका, तुमच्यासारखी शिकलेली माणसं इथं येणार म्हणजे गावाचं भाग्य. इमारत ह्याच मैदानावर उठणार, त्यासाठी एक छोटं काम. मी इथे आठ दिवस राहिलो, मैदान पडीक दिसलं, कुणाची वहिवाट दिसली नाही, एवढं लिहून द्या. खरंच आहे ना ते?"

खरंच होतं. तेच तर दुखणं आहे, मंडळी! खोटं बोलायला सांगितलं असतं, तर त्र्यंबकराव घाबरून पळाले असते. त्यांना खरं लिहायला सांगितलं. त्यांनी लिहिलं, आणि शुद्धलेखन तपासून सही केली.

माघात पत्र आलं. 'मास्तर, आमच्या खळ्यावर नोटीस लागली. ह्या मैदानावर आम्ही मासळी वाळवतो. सासूच्या सासूपासून जागा ठरल्यात, कुणाची कुठली ते मुलंपण सांगतील. साहेब म्हणतो तुमच्या मास्तरनीच लिहून दिलं की पडीक आहे. तुम्ही पावसात आला होता. पावसात कोण वाळवतं? आता या आणि बघा, आणि बघाल ते लिहा. पातेलं तुमच्यासाठी वेगळं ठेवलंय.'

पातेलं वेगळं ठेवलंय! आणि हे सद्गृहस्थ काय करतात? रोज सकाळी उत्तराचा मजकूर मनात रचतात. 'आपले पत्र पावले.' पुढे काय? आपण कायद्यातले नाही. आपण परके. आपल्या एका सहीने काय होणार? अहो, त्या सहीने मैदान पडीक झालं, तेव्हा ही नम्रता कुठे गेली होती? संकोच, भिडस्तपणा, माझं कोण ऐकतं - फार सोज्वळ दिसतात हे गुण. मला तर यांची चीड येते. अन्यायाला हात लावायची वेळ आली की हे दाराआड लपतात, आणि स्वस्त घर घ्यायची वेळ आली की पायात चपला घालून तयार.

मार्गशीर्षात ढवणचा फोन आला. भूमिपूजन आहे, जोडीने या. कुमुदताई हरखल्या. त्यांना पत्राचं ठाऊकच नव्हतं.

एसटीतून उतरले, कोळीवाड्याच्या वळणावर आले, आणि त्र्यंबकरावांचे पाय थांबले. ते गवत गेलं कुठे? मैदानभर बांबू उभे, त्यांवर आडव्या दांड्या, दांड्यांवर बोंबील टांगलेले, ओळींमागून ओळी, पार समुद्राच्या पुळणीपर्यंत. खाली सारवलेल्या जमिनीवर सुकट पसरलेली. पन्नाससाठ बायका कामात. एक बाई टोपली घेऊन निघाली ती सरळ आपल्या जागी गेली. मध्ये ना कुंपण, ना खूण, तरी दुसरीच्या चार बोटं जागेवर पाय नाही.

ढवण धावत आला. "वासाचं मनावर घेऊ नका काकू. चार महिन्यांत हे सगळं हटवतोय."

कुमुदताईंनी पदर नाकाला लावला नाही. त्यांनी विचारलं, "ही जागा तर पडीक आहे ना?"

"कागदोपत्री पडीकच आहे."

"कुणी ठरवलं?"

ढवण हसला. "काकू, तुमच्या घरच्यांनीच तर लिहून दिलंय. प्रांतसाहेबांपुढे सुनावणीत वाचून दाखवलं. ग्रंथपाल माणूस, साहेबांवर छाप पडली."

कुमुदताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी या माणसाला कधी एक कडू शब्द सुनावला नव्हता. पण त्या नजरेपुढे त्र्यंबकरावांना वाटलं, आपण कपाटाच्या मागे जाऊन उभं राहावं. कपाट मात्र नव्हतं. समोर धर्मीबाई उभी होती.

"मास्तर," ती म्हणाली, "पत्र नाय मिळालं का?"

बघा, कशी सोय झाली! टपालाचा घोटाळा. पत्ता चुकला असेल. बाईनेच वाट काढून दिली होती. 'नाही हो मिळालं' एवढे तीन शब्द, आणि अब्रू जागच्या जागी. ते शब्द त्र्यंबकरावांच्या जिभेवर आलेसुद्धा.

"मिळालं," ते म्हणाले.

"मग?"

"मग काही नाही. लिहिलं नाही."

धर्मीबाईने टोपली खाली ठेवली. "माझी जाऊ यंदा मुंबईला भांडी घासायला गेली. म्हणाली, खळं जाणारच, तर आधी गेलेलं बरं. तिची जागा ती बघा, मोकळी हाय. तिथं कोण पाय ठेवत नाय." मग ती कुमुदताईंकडे वळली. "तुमी उन्हात नका उभ्या राहू, छातीचा त्रास हाय ना तुमाला? मास्तर सांगायचे. तुमच्यासाठीच घर बघतात म्हणून."

कुमुदताई म्हणाल्या, "बाई, मला हवा हवी आहे. तुमची जागा नको."

त्र्यंबकराव पुटपुटले, "मी आत्ताच प्रांतसाहेबांकडे जातो. सांगतो त्यांना."

"बोललेलं ते लिवून घेत नाय, मास्तर. आम्ही दहा म्हयने बोलतोय. तुमचा कागद हाय, त्याला तुमचाच कागद पायजे. माझ्या पत्राचं उत्तर द्या, तेवढं बास. पुढच्या सोमवारी तारीख हाय."

इचलकरंजीला परतल्यावर त्र्यंबकराव लिहायला बसले. पहिला मसुदा चार पानी. त्यात तीन पानं स्वतःच्या पश्चात्तापाची. कुमुदताईंनी वाचला आणि म्हणाल्या, "तिला तुमचा पश्चात्ताप घेऊन सुनावणीला जायचं नाहीये." दुसऱ्यात 'असे मला वाटते' नऊ वेळा. त्यांनी तो परत दिला. "बोंबील दिसले की वाटले?"

आता गोष्ट जरा थांबवतो, कारण मला तुमच्याकडे बघायचं आहे. पुढच्या रांगेतल्यांनी मान खाली घालू नका. तुमच्याकडे कुणाचं पत्र पडून आहे? तुमची सही कुठल्या कागदावर आहे, न विचारता केलेली? खिडकीतून समुद्र दिसला, डोंगर दिसला, दर परवडला, की आपण खूश. त्या खिडकीखाली कोण काय वाळवत होतं, हे विचारायला आपल्याला कुठला ऋतू आडवा येतो? आणि देवाला काय सांगणार आहात, की देवा, मी गेलो तेव्हा पाऊस होता? मीही तुमच्यातच बसलेलो आहे. इथे उभा आहे म्हणून मला सूट नाही.

तर तिसरा मसुदा. एक पान.

'धर्मीबाई, तुमच्या पत्राला दहा महिने उत्तर दिले नाही, हा माझा दोष. आषाढात मी मैदान रिकामे पाहिले आणि पडीक लिहिले. पावसाळ्यात तिथे मासळी वाळत नाही हे मी विचारले नाही. मार्गशीर्षात मी तेच मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत मासळीने भरलेले पाहिले. पन्नासहून अधिक स्त्रिया आपापल्या ठरलेल्या जागी काम करत होत्या. माझे आधीचे निवेदन चुकीचे आहे, ते मी मागे घेतो. त्या इमारतीतले घरही मी घेत नाही. हे पत्र कुणालाही दाखवावे. बोलावल्यास मी येईन.'

खाली सही. तीच, मैदानाला पडीक ठरवणारी.

दोघं पोस्टात गेले. खिडकीवरच्या मुलीने रजिस्टरची पावती फाडून दिली आणि लिफाफा मागच्या पिशवीत टाकला. बाहेर मागांची खडखड चालू होती, हवेत कापूस उडत होता. कुमुदताईंना खोकल्याची उबळ आली. त्र्यंबकराव पाणी घेऊन घाबरून उभे. ती ओसरल्यावर त्यांनी नवऱ्याचा हात धरला आणि विचारलं, "सोमवारपर्यंत पोचेल ना?"