महेंद्रच्या कार्डाची चौकशी

— व्हय, इथंच ऱ्हातो महेंद्र, ह्या माझ्या खानावळीच्या वरच्याच खोलीत. आन् तुमी येणार हे मला ठावं होतं साहेब. त्यानंच सांगून ठेवलंय — ताई, बँकेत क्रेडिट कार्डाचा अर्ज टाकलाय, त्यांचा माणूस येईल, गुपचूप आजूबाजूला विचारून जाईल. तवा दारात उभं ऱ्हाऊन लाजू नका, बसा. तो रांजणगावला कंपनीत फर्स्ट शिफ्टला गेलाय, येईलच सुटून. तवर ताट वाढते. न्हाई कसं म्हणता? कारेगावात येऊन ललिताच्या खानावळीतनं कोण उपाशी गेलाय? मटकी हाय, भाकरी तव्यावर हाय — आन् जेवता जेवता विचारा काय विचारायचं ते, मला काय लपवायचंय?

दारू? शिवत न्हाई. तंबाखू खायचा, ती मी सोडवली. नोकरी पर्मनंट हाय, गेल्या दिवाळीपास्नं. आता मागचं समदं तुमच्या कागदावर दिसतच असंल, मग झाकून काय उपेग — मंदीच्या आधी त्याच्याकडं चार कार्डं होती. व्हय, चार. हौस न्हवती हो. कंपनीच्या गेटसमोर छत्र्या लावून टायवाली पोरं बसायची, फॉर्म भरला की कोण ब्याग द्यायचं, कोण डबा, कोण भिंतीवरचं घड्याळ. आन् आमच्या ह्या पोरांची सवय कसली, तर कंत्राटदाराकडं कामाला लागायचं म्हंजी दहा ठिकाणी नाव देऊन ठेवायचं, एखाद्या ठिकाणी तरी लागतंय. त्यांना वाटलं कार्डाचंबी तसंच असतंय. टाकले अर्ज दिसंल तिथं — आन् चार लागले की. त्याच्या खोलीत अजून तीन घड्याळं हायेत, तिन्ही येगळाली वेळ दाखवत्यात.

मग मंदी आली, ओव्हरटाइम बंद. ह्या कार्डातनं काढून त्या कार्डात भर, त्यातनं काढून तिसऱ्यात — असं किती दिवस चालतंय? वसुलीची माणसं इथं यायला लागली, ऐन जेवणाच्या टायमाला, पोरं पंगतीत बसलेली असताना. एकदा तर मीच सांगितलं त्यांना, महेंद्र चाकणला गेला, हितं न्हाई ऱ्हात. आन् हा वर खोलीत अंगावर पांघरूण घेऊन पडलेला. ते तेवढं लिहू नका हं साहेब. — तुमी लिहितच न्हाई व्हय काही? समदं डोक्यात ठेवता? बरंय. पण त्यानं फेडलं हो, पै न् पै. मोटारसायकल विकली, वर्षभर दुसऱ्याच्या सायकलीवर मागं बसून कामाला गेला. ते लोक म्हणत होते, थोडं कमी भर, मिटवून टाकू. हा म्हणाला, मिटवायचं न्हाई, फेडायचंय.

भाकरी घ्या की अजून, अर्धीच घ्या. — तर शिरूरच्या बँकेतले एक साहेब तवा माझ्याकडं जेवायला होते, बदली होईस्तवर. त्यांनी ह्याला समोर बसवून सांगितलं. म्हणाले, नाव खराब व्हायला महिने लागत्यात, सुधारायला वर्षं. बँकेत थोडी ठेव ठेव, तिच्यावर एक लहान कार्ड घे, किराण्यापुरतं वापर आन् दर महिन्याला समदं भरून मोकळा हो. आन् नवा अर्ज घाईनं टाकू नको. प्रत्येक अर्जाची तिकडं सिबिलात, म्हंजी समद्यांच्या कर्जाचा हिशेब ठेवत्यात तिथं, नोंद होतीय म्हणं, कार्ड मिळो नाहीतर न मिळो. मला काय पयल्यांदा कळंना. मग मी माझ्यापुरतं लावून घेतलं — एकाच सकाळी गल्लीतल्या दहा घरी वाटीभर साखर मागत फिरलं तर अकरावी बाई काय म्हणंल? हिच्या घरातलं समदंच संपलंय. मग असली तरी ती साखर देत न्हाई.

पण ह्याला धीर कुठला? ठेवीवरचं कार्ड आलं, चार महिने नीट चाललं, आन् गडी हवेत. एका दिवशी बघते तर खिशात तीन फॉर्म. तसेच काढून घेतले आन् त्याच्यावर भजी निथळत ठेवली. म्हणलं, आता भर. तरी माझ्या चोरून दोन टाकलेच त्यानं — एकाच आठवड्यात — आन् दोन्ही परत आले. आता हे बोलून गेले मी. पण तुमच्या कागदावर ते असणारच. त्यावर मी त्याला वर्षभराची शपथ घातली, एकबी अर्ज न्हाई. आन् पाळली हो त्यानं. वर्ष उलटलं, मगच हा तुमचा एकच अर्ज. हे कार्ड झालं की ते वर्षभर नीट चालवायचं, आन् मग शिरूरला दोन खोल्यांच्या घरासाठी कर्ज. त्याचा जीव अडकलाय साहेब त्या घरात. आता तुमच्याच हातात हाय समदं.

आई? गावाकडं असती. स्वभाव — तुमाला तिचा स्वभाव कशाला पायजे? चांगली हाय, जरा तोंडाळ हाय, पण मनात काय ठेवत न्हाई. बहिणीचं लग्न झालंय. बायकोनं नोकरी केली तर चालंल की, का न चालावं? तो तर स्वतःच म्हणतो, ती शिकलीय तर तिनं घरात का —

थांबा. बायको कुठंय अजून त्याला? आन् असली तरी तिच्या नोकरीशी बँकेला काय करायचंय?

कुठल्या बँकेचे म्हणालात तुमी? — न्हाई, तुमी म्हणालाच न्हाईत. मीच बोलत सुटले. — दौंडहून? रेल्वे कॉलनीतनं? — म्हंजी तो बघून आलाय त्या करुणाचे मामा.

अगं बाई.

मामा, रविवारी तो तुमच्याकडंच येणार होता. ठरवायच्या आधी करुणाला आपल्या तोंडानं सांगायचं म्हणत होता — चार कार्डं, वसुलीची माणसं, समदं. रोज जेवण झाल्यावर माझ्यासमोर बसून घोकत होता, कुठनं सुरुवात करू, तिला काय वाटंल. आन् मी ते समदं तुमाला भाकरीबरोबर वाढून मोकळी झाले. माझी जीभ. मला लई वाईट वाटतंय मामा, खरंच.

आता उठू नका. एवढं ऐकलंत, तर आणखी एक ऐका. नोकरी पर्मनंट झाल्यापास्नं त्याला दुसरीबी स्थळं आली, पाबळचं आलं, शिरूरचं तर दोनदा आलं. मीच म्हणलं, जाऊन ये, नुसतं बघायला काय जातंय? न्हाई गेला. करुणाला बघून आल्यापास्नं त्याचं एकच — ताई, एका घरी विचारलंय, तिथलं उत्तर येईस्तवर दुसऱ्या दारात जायचं न्हाई. हे त्याला मीच शिकवलं होतं मामा. पण मी ते कार्डासाठी शिकवलं होतं.

जिन्यावर त्याच्याच बुटाचा आवाज हाय.

महेंद्र, वर जाऊ नको, हिकडं ये. दौंडचे पाव्हणे आलेत, हात धू आन् ह्यांच्यासमोर बस. मी आत भाकरी टाकायला जाते.